संन्यासी लोकनायक : स्वामी रामानंद तीर्थ

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर नांवाचें एक गांव लागतें. आज तें जालना जिल्ह्यांत आहे. परंतु १९८१ सालापर्यंत तें आमच्या परभणी जिल्ह्याचाच एक भाग होतें. या गांवीं १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. मांडव घालावा, चार गांवचे लोक जमावे, ठराव वाचून दाखवावे आणि ज्यानें त्यानें आपल्या घरीं परतावें, यांत आजच्या विद्यार्थ्यास कांहींच विशेष वाटणार नाहीं. परंतु तो काळ आणि तें राज्य लक्षांत घेतलें म्हणजे त्या मांडवाचें महत्त्व कळतें. निजामाच्या हैदराबाद संस्थानांत सरकारच्या परवानगीवांचून सार्वजनिक सभा भरविण्यास मनाई होती. चार माणसांनीं एकत्र बसून राज्यकारभाराविषयीं बोलावें, एवढ्यानेंहि पोलिसांचा डोळा त्यांच्यावर पडे. अशा राज्यांतील शेतकरी, वकील, शिक्षक व शाळकरी मुलें परतूरच्या त्या मांडवानंतर दहाच वर्षांनीं हातीं झेंडे घेऊन रस्त्यावर आलीं आणि हजारोंनीं तुरुंगांत गेलीं. हें परिवर्तन आपोआप झालेलें नव्हतें. तें घडवून आणणाऱ्यांत जे अग्रभागीं होते, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

प्रथम त्या राज्याची ओळख करून घेणें अवश्य आहे. हैदराबाद हें हिंदुस्थानांतील मोठ्यांत मोठ्या संस्थानांपैकीं एक होतें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल आणि लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें १ कोटि ६३ लक्ष होती. एकंदर १६ जिल्ह्यांपैकीं ८ तेलुगु, ५ मराठी व ३ कानडी मुलखांत होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे ते पांच मराठी जिल्हे. (यांपैकीं औरंगाबादेस आतां छत्रपति संभाजीनगर व उस्मानाबादेस धाराशिव म्हणतात.) त्या वेळचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षां बराच विस्तृत होता, हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तालुकेहि त्यांत मोडत. प्रजेपैकीं फार थोड्यांची मातृभाषा उर्दू होती, परंतु कचेरीचा कागद उर्दूंत, न्यायालयाचा निकाल उर्दूंत, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतच. सभाबंदीचा जो हुकूम होता त्यास लोक गश्ती निशाण ५३ या नांवानें ओळखीत. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. खासगी शाळा काढावयाची तरी परवानगी लागे. त्यामुळें या संस्थानांतील प्रजेची राजकीय परिषद प्रथम भरली ती १९२३ सालीं काकिनाडा येथें, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर. आणि पुढेंहि ती मुंबई, पुणें, अकोला अशाच परक्या ठिकाणीं भरत राहिली. घरच्या दुःखाची वाटाघाट शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून करावी लागे, असाच तो प्रकार होता. या गाऱ्हाण्यांचा भार सर्व धर्मांच्या गरिबांवर पडत होता, हेंहि सांगितलें पाहिजे. जहागिरींतील मुसलमान कुळाचे हाल हिंदु कुळाहून कमी नव्हते.

स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी या गांवीं झाला. हा मुलूख मराठी व कानडी या दोन भाषांच्या सरहद्दीवरचा. पुढें तीन भाषांच्या प्रजेचें पुढारीपण ज्यास करावयाचें होतें, त्याचें बालपण अशा ठिकाणीं जावें हा योग चांगलाच म्हणावयाचा. सोलापूर येथें त्यांचें इंग्रजी शिक्षण चाललें असतां १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले. त्या दिवशीं या सोळा वर्षांच्या मुलानें आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. सोळाव्या वर्षीं केलेल्या प्रतिज्ञा बहुधा अठराव्या वर्षापर्यंत टिकत नाहींत. ही मात्र टिकली. असहकारितेच्या चळवळींत त्यांनीं सरकारी शाळा सोडली, अंमळनेर येथें राष्ट्रीय शिक्षण घेतलें, आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढें कामगारांचे प्रसिद्ध पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून त्यांनीं कांहीं काळ काम केलें. गिरणींतील मजूर एकेकटा असला म्हणजे किती दुबळा असतो व संघटित झाला म्हणजे त्याच्याशीं मालकास कसें बोलावें लागतें, हें त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. संघटना या शब्दाचा अर्थ ते पुस्तकांतून शिकले नाहींत, तो असा शिकले.

१९२९ सालीं ते उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत आले. तेथें १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत असे. तिचे ते मुख्याध्यापक झाले. रेल्वेपासून दूर, पक्का रस्ता नाहीं, पगार नांवापुरता. पुढच्याच वर्षीं, १९३० च्या जानेवारींत, त्यांनीं संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्याशाचा मार्ग बहुधा गांवांतून वनांत जातो. या संन्याशाचा मार्ग वर्गांत गेला. भगवीं वस्त्रें धारण करून ते मुलांना इंग्रजी व इतिहास शिकवीत, त्यांच्याबरोबर सूत कातीत आणि त्यांच्याच पंगतीस जेवीत. शिस्त कडक होती. पण जी शिस्त मुलांना तीच गुरुजींना.

१९३५ सालीं हिप्परगा सोडून ते सहकाऱ्यांसह मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, येथें आले व योगेश्वरी नूतन विद्यालयाचें काम पाहूं लागले. या दोन शाळांचें महत्त्व चरित्रकार पुष्कळदां एका ओळींत सांगून पुढें जातात आणि लगेच सत्याग्रहाच्या वर्णनास लागतात. मला हें बरोबर वाटत नाहीं. मराठवाड्याच्या लढ्यांत जे तरुण कार्यकर्ते पुढें आले, त्यांतील कितीतरी या शाळांच्या बाकांवरून उठून आलेले होते. सूत कातण्याचा कंटाळवाणा उद्योग ज्यानें मुकाट्यानें केला, गांवच्या सफाईचें काम ज्यानें नाक न मुरडतां केलें, त्यालाच पुढें तुरुंगांतील दळण जड वाटलें नाहीं. महात्मा गांधींनीं १९३० सालीं दांडीकडे प्रयाण केलें तेव्हां त्यांच्याबरोबर ७८ माणसें होतीं. वाटेंत हजारों लोक मिळाले, पण तीं ७८ माणसें आश्रमाच्या शिस्तींत तयार झालेलीं होतीं. अमेरिकेंत माँटगोमेरी या शहरीं १९५५ सालीं काळ्या वर्णाच्या नागरिकांनीं शहरांतील बसगाड्यांवर बहिष्कार घातला व तो ३८१ दिवस चालविला. ज्या रोझा पार्क्स बाईंच्या अटकेपासून तो सुरू झाला, त्या त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत अशा कार्याचें शिक्षण देणाऱ्या एका विद्यालयांत राहून आलेल्या होत्या. जमाव एका दिवसांत जमतो, पण जमावास वळण लावणारीं माणसें तयार होण्यास वर्षें लागतात. हैदराबाद संस्थानांत तीं वर्षें हिप्परगा व अंबाजोगाई येथें खर्च झालीं.

इकडे परतूरच्या अधिवेशनानें मराठी जिल्ह्यांतील सुशिक्षितांस एक व्यासपीठ मिळवून दिलें होतें. अशाच परिषदा तेलंगण व कर्नाटक या विभागांतहि चालत. महाराष्ट्र परिषदेचें स्वरूप आरंभीं सौम्य होतें. शिक्षण, ग्रंथालयें, समाजसुधारणा हे तिचे विषय. परंतु जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांनीं निवडलेल्या व लोकांस उत्तर देणाऱ्या मंत्रिमंडळाची मागणी करावी कीं नाहीं, यावरून मवाळ व जहाल असे दोन पक्ष पडले. स्वामीजी जहाल पक्षाचे. १९३८ सालीं लातूर येथें दुसरें अधिवेशन झालें. त्याच वर्षीं शाळेचें काम सोडून ते सर्वस्वीं राजकारणांत उतरले. त्याच सुमारास तिन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांनीं मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचें ठरविलें. सरकारनें ७ सप्टेंबर १९३८ रोजीं तिच्यावर बंदी घातली. संस्था रीतसर जन्मास येण्यापूर्वींच तिच्या मृत्यूचा हुकूम निघावा, हा चमत्कार हैदराबादेंतच घडूं शकला!

आतां सत्याग्रहावांचून मार्ग उरला नाहीं. त्याची रीति अगदीं साधी होती. ठरलेल्या दिवशीं चार-पांच जणांच्या तुकडीनें हैदराबाद शहरांत उघड रस्त्यावर यावयाचें, आपण स्टेट काँग्रेसचे सभासद आहों असें जाहीर करावयाचें, आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हावयाचें. पहिली तुकडी २४ ऑक्टोबर १९३८ रोजीं गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालीं गेली. २७ ऑक्टोबरला स्वामीजींनीं सत्याग्रह केला. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या जात राहिल्या व दोन महिन्यांत सुमारें चारशें लोक तुरुंगांत पोहोंचले. दीड कोटींच्या राज्यांत चारशें ही संख्या ती कितीशी? परंतु जो तालुक्याच्या शिपायास पाहून रस्ता बदलीत असे, त्याच्या शेजारचा मुलगा आपण होऊन तुरुंगांत गेला, ही वार्ता गांवोगांव पसरली. माणसाच्या मनांतील भीति निघून गेली म्हणजे राज्याचें निम्मे बळ गेलें. स्वामीजींच्या चळवळीचें खरें फळ हें होतें; चारशें हा आंकडा नव्हे.

याच वेळीं विद्यार्थीहि उठले. नोव्हेंबर १९३८ मध्यें औरंगाबाद येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास अधिकाऱ्यांनीं बंदी केली. मुलांनीं ती मानली नाहीं. हें लोण हैदराबादेस पोहोंचलें, आणि उस्मानिया विद्यापीठांतून शेंकडों विद्यार्थी काढून टाकण्यांत आले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पामुलपर्ति व्यंकट नरसिंहराव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकींच एक होते. आपल्या वयाच्या मुलांनीं एका गीतासाठीं वर्षें पणास लावलीं, हें वाचून विद्यार्थी वाचकांस काय वाटेल तें त्यांचें त्यांनींच पाहावें.

परंतु २४ डिसेंबर १९३८ रोजीं स्टेट काँग्रेसनें आपला सत्याग्रह थांबविला. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. त्याच काळांत आर्य समाज व हिंदु महासभा यांचेहि सत्याग्रह संस्थानांत चालू होते. त्यांचे प्रश्न धर्मविषयक होते. स्टेट काँग्रेसची मागणी सर्व धर्मांच्या प्रजेसाठीं राजकीय हक्कांची होती. तिन्ही चळवळी एकाच वेळीं चालल्यामुळें त्या लोकांच्या नजरेस एकच दिसूं लागल्या, आणि सर्व लढा जातीय आहे असें म्हणण्यास सरकारास आयतेंच निमित्त मिळालें. गांधीजींचा सल्ला थांबण्याचा पडला. ऐन भरांत आलेली चळवळ थांबविणें तरुणांस रुचलें नाहीं. स्वामीजी त्या वेळीं तुरुंगांत होते. मागें वळून पाहतां असें वाटतें कीं तो निर्णय योग्यच होता. चळवळीचा जोर कमी झाला, पण तिचा अर्थ शुद्ध राहिला. आणि नऊ वर्षांनीं तीच संस्था पुन्हां उभी राहिली तेव्हां ती प्रजेची संस्था म्हणूनच उभी राहिली.

पुढील सात-आठ वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांतील बराच काळ स्वामीजींचा तुरुंगांत गेला. १९४० च्या सप्टेंबरांत वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हां पकडले गेले आणि १९४१ च्या अखेरीस सुटले. १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाहून परत येतांच त्यांना हैदराबाद स्टेशनवर अटक झाली. बाहेर असतील तेव्हां खेडोपाडीं हिंडणें, कार्यकर्त्यांचीं शिबिरें घेणें, महाराष्ट्र परिषदेच्या शाखा वाढविणें हा क्रम चालू असे. महायुद्धाच्या काळांत सरकारनें शेतकऱ्यांकडून लेव्हीचें धान्य सक्तीनें वसूल करण्यास आरंभ केला होता. त्यामुळें आजपर्यंत राजकारणापासून अलिप्त राहिलेला ज्वारी पिकविणारा शेतकरीहि सभेच्या कडेला येऊन उभा राहूं लागला. जबाबदार राज्यपद्धति हा शब्द त्यास कळत नसे; पण पेवांतील ज्वारी कोण घेऊन जातो हें चांगलें कळत असे. वकिलांच्या परिषदेचें रूपांतर लोकांच्या चळवळींत झालें तें या मार्गानें.

१९४६ च्या जुलैमध्यें बंदी उठली. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत बुर्गुल रामकृष्णराव यांच्याविरुद्ध अगदीं थोड्या मतांनीं स्वामीजी विजयी झाले. पक्षांतील मवाळ व जहाल यांचा जुना वाद संपला नव्हता हें या मतांवरून दिसतेंच. जून १९४७ मध्यें निजामानें आपण हिंदुस्थान वा पाकिस्तान यांपैकीं कोठेंहि सामील न होतां स्वतंत्र राहणार असें जाहीर केलें. त्याच महिन्यांत, १६ ते १८ जून रोजीं, हैदराबादजवळ मुशीराबाद येथें स्टेट काँग्रेसचें पहिलें उघड अधिवेशन झालें. तेथें अध्यक्ष या नात्यानें स्वामीजींनीं भारतांत विलीन होणें व लोकांच्या हातीं सत्ता येणें या दोन मागण्या एकत्र मांडल्या. यांतील दुसरी मागणी पुष्कळदां विसरली जाते. निजामाचें राज्य जाऊन दुसऱ्या कोणाचें हुकमी राज्य यावें, एवढ्यासाठीं हा लढा नव्हता.

७ ऑगस्ट १९४७ हा दिवस संस्थानभर भारतांत सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यांत आला. बंदी मोडून सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, तिरंगी झेंडे फडकले. ज्या राज्यांत दहा वर्षांपूर्वीं परवानगीवांचून सभा भरवितां येत नव्हती, तेथें हा देखावा सरकारनें पाहिला. १५ ऑगस्टला सारा देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असतां हैदराबादेंत तिरंगा लावणें हा अपराध होता, आणि त्याच दिवशीं स्वामीजींना अटक झाली. भारत सरकार व निजाम यांच्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस जैसे थे करार झाला तेव्हां ते सुटले. परंतु २६ जानेवारी १९४८ रोजीं पुन्हां पकडले गेले व शेवटपर्यंत तुरुंगांतच राहिले.

नेता तुरुंगांत असतां चळवळ बंद पडावी असें सरकारास वाटत होतें. तसें झालें नाहीं. विद्यार्थ्यांनीं शाळा सोडल्या, वकिलांनीं न्यायालयांवर बहिष्कार घातला, कित्येक गांवच्या पाटील-पटवाऱ्यांनीं राजीनामे दिले. सरकारचें मोठें उत्पन्न शिंदीवर अवलंबून होतें, म्हणून लोकांनीं शिंदीचीं झाडें तोडलीं. सरकारी जंगलांत जाऊन जंगल सत्याग्रह केले. सरहद्दीवरील करोडगिरीचे नाके उठविले. (करोडगिरी म्हणजे जकात.) यांतील प्रत्येक कृत्य लहान आहे. परंतु राज्य हें अशाच लहानसहान आज्ञापालनांवर उभें असतें. तें पालन थांबलें कीं वरचा डोलारा केवळ सैन्यावर टेकून राहतो. निजामाचें तसेंच झालें. लातूरचा एक वकील कासीम रझवी याच्या हाताखालील रझाकार नांवाच्या सशस्त्र टोळ्या गांवोगांव जाळपोळ व लूट करीत सुटल्या. या अत्याचाराचा निषेध करणारे मुसलमानहि होते. इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं भारतांत सामील होण्याचा पुरस्कार केला, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्यें हैदराबादेंत त्यांचा खून करण्यांत आला. त्यांचें नांव या लढ्याच्या इतिहासांत स्वामीजींच्या नांवाशेजारीं लिहिलें पाहिजे.

येथें या चरित्रांतील सर्वांत अवघड प्रसंग येतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालीं स्टेट काँग्रेसची कृतिसमिति संस्थानाबाहेरून लढा चालवीत होती. संस्थानाच्या सरहद्दीवर ठिकठिकाणीं शिबिरें उघडलीं होतीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस वऱ्हाडची सरहद्द असल्यामुळें हिंगोली, कळमनुरी या बाजूच्या लोकांस या शिबिरांचा आधार जवळ होता. तेथील तरुणांनीं हातीं शस्त्र घेतलें. रझाकारांच्या ठाण्यांवर व पोलीस चौक्यांवर हल्ले केले. १९४८ च्या जानेवारींत नांदेड जिल्ह्यांतील उमरीच्या बँकेवर धाड घातली. वसमत येथील एका महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे ते बहिर्जी शिंदे हे याच लढ्यांतील हुतात्मे. सूत कातणाऱ्या संन्याशाच्या संस्थेनें बंदूक धरावी, ही विसंगति नव्हे काय? स्वामीजींनीं या मार्गास विरोध केला नाहीं. निःशस्त्र खेड्यावर सशस्त्र टोळी चालून आली असतां लोकांनीं आत्मसंरक्षण करावें, अशी त्यांची भूमिका होती. ती समजण्यासारखी आहे. परंतु शस्त्र एकदां हातीं आलें म्हणजे तें खालीं ठेवण्याची शिस्त सर्वांनाच साधते असें नाहीं, हें पुढें दिसून आलें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. त्याच दिवशीं स्वामीजी तुरुंगांतून मुक्त झाले. मराठवाड्यांत हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि तो पाळणें योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या दिवसांत कित्येक ठिकाणीं रझाकारांच्या कृत्यांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगविण्यांत आला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें या प्रकारांची पाहणी केली. तिनें उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानि झाल्याचें नमूद केलें आहे. तिचा अहवाल पुष्कळ वर्षें प्रसिद्ध झाला नव्हता. १९३८ सालीं लढ्यास जातीय रंग चढूं नये म्हणून ज्यांनीं चालू सत्याग्रह थांबविला, त्यांच्याच विजयाच्या वेळीं असें घडावें, याहून खेदाची गोष्ट कोणती? शिकविलेल्या चारशें माणसांची चळवळ आणि दहा वर्षांनीं उसळलेला जनसागर यांत हें अंतर होतें.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींना मोठें पद मिळालें नाहीं, आणि त्यांनीं तें मागितलेंहि नाहीं. जहागिरदारी नष्ट व्हावी, कुळांस जमिनीचा हक्क मिळावा, यांसाठीं त्यांचा आग्रह होता. १९४९ सालीं जहागिऱ्या बरखास्त झाल्या व १९५० सालीं कुळकायदा आला. पक्षांतील भांडणांनीं मात्र त्यांना फार शिणविलें. तुरुंगांत एका चटईवर झोपलेले सहकारी सत्तेच्या दालनांत एकमेकांस ओळख देईनासे झाले. १९५२ सालीं गुलबर्ग्याहून व १९५७ सालीं औरंगाबादेहून ते लोकसभेवर निवडून गेले.

त्यांचा शेवटचा मोठा आग्रह असा होता कीं हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणें तीन भाग करून ते आपापल्या भाषाबंधूंस जोडावे. तिन्ही भाषांच्या लोकांस एकत्र आणून ज्यानें संघटना उभारली, त्यानेंच तें राज्य विभागण्याची मागणी करावी हें वरवर पाहतां चमत्कारिक वाटतें. दिल्लीच्या श्रेष्ठींसहि ती मागणी प्रथम रुचली नाहीं. परंतु परभणीच्या शेतकऱ्यास त्याच्याच भाषेंत सरकारी कागद वाचतां येत नसेल तर लोकराज्य हा शब्द पोकळ आहे, हें ज्यानें उर्दू कचेरींत अडाण्यासारखे उभे राहिलेले लोक पाहिले होते त्यास सांगावें लागत नव्हतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याचें विभाजन झालें, मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत समाविष्ट झाला.

१९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले. भूदान, खादी व शिक्षण यांत त्यांचा उरलेला काळ गेला. १९६७ सालीं त्यांनीं हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आपल्या आठवणी इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजीं हैदराबाद येथें त्यांनीं देह ठेवला. ज्या शहरांत त्यांना अनेकदां बेड्या पडल्या, त्याच शहरांत बेगमपेठ भागीं त्यांची समाधि आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. नांदेड व लातूर या जिल्ह्यांबरोबर परभणी आणि १९९९ सालीं तिच्यापासून वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हेहि त्याच्या कक्षेंत येतात. तेथील कला, शास्त्र व वाणिज्य महाविद्यालयांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर हिप्परग्याच्या या मुख्याध्यापकांचें नांव छापलेलें असतें.